वीस अंशांचे पाणी

छायाचित्र हा जेव्हा शेवटी रसायनांचाच व्यवहार होता, तेव्हा रात्रीची जेवणे उरकून मोरी मोकळी झाली की काळ्या कापडाने खिडकीचा बंदोबस्त करावा, तामचिनीच्या थाळ्या ओळीने मांडाव्यात आणि झिरोच्या लाल दिव्याखाली प्रिंट काढीत बसावे, असा अनेक हौशी छायाचित्रकारांचा शिरस्ता होता. लाल दिव्याची ही मुभा अर्थात कागदापुरतीच. सर्व रंगांना संवेदनशील असलेली फिल्म टाकीच्या चक्रीत गुंडाळायची ती निखळ अंधारात, केवळ बोटांच्या भरवशावर.

या गृहोद्योगाचे जिन्नस थोडे, पण शिस्तीचे होते. कोडॅकच्या प्रसिद्ध डी-७६ डेव्हलपरचा पाठ सांगतो, की एक लिटर द्रावणास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम घ्यावा. आणि हा क्रमही मोडू नये, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल सहजी विरघळत नाही, तर सल्फाइटच्या संरक्षणावाचून हायड्रोक्विनोन हवेने लवकर बिघडते. तयार द्रावण तपकिरी बाटलीत भरून, उरलेली हवा हटविण्यासाठी तीत काचेच्या गोट्या सोडण्याची युक्तीही पुष्कळांना ठाऊक असे. प्रतिमा स्थिर करणारा हायपो मात्र पुराणपुरुष: चांदीचे क्षार तो विरघळवितो, हे जॉन हर्शेल याने १८१९ मध्येच नोंदविले होते.

परंतु या सर्व पाठांत एक अट गृहीत धरलेली असे, ती म्हणजे पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअस. वैशाखातील नागपुरास किंवा सोलापुरास नळातून येणारे पाणी ही अट कशी मानणार? ऊन पाण्यात डेव्हलपरची क्रिया इतकी वेगाने होते, की वेळ पाच मिनिटांखाली घसरून फिल्मवर डाग-छटा उमटण्याचे भय. त्यातच फुगलेले जिलेटिन हळवे होऊन नखाच्या स्पर्शानेही खरवडले जाई, आणि उष्ण द्रावणातून एकदम गार पाण्यात गेल्यास त्यावर जाळीदार सुरकुत्या पडत. म्हणून पहाटेचा मुहूर्त, रात्रभर माठात निवविलेले पाणी, टाकीभोवती बर्फाची परात, आणि जिलेटिन घट्ट व्हावे म्हणून आम्लयुक्त हायपोमध्ये तुरटी, अशी तजवीज करावी लागे. स्फटिकरूप हायपो विरघळताना स्वतःच पाण्यातील उष्णता शोषून घेतो, ही त्यातल्या त्यात निसर्गाची मेहेरबानी; तथापि गार झालेले ते द्रावणही इतर द्रावणांच्या तापमानास येऊ द्यावे लागे. पावसाळ्यात उन्हाचा जाच सरे आणि ओल सुरू होई: दोरीवर चिमट्याने टांगलेली फिल्म वाळता वाळेना, आणि ठेवणीतल्या निगेटिव्हवर बुरशी धरे.

या पार्श्वभूमीवर, देशी फिल्मसाठी १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’चा कारखाना निलगिरीच्या थंड डोंगरांत, उटकमंडला यावा, हे यथोचितच होय. ‘इंदू’ या नावाने तेथे तयार झालेला माल मैदानी मुलखातल्या मोऱ्यांत उतरला, की त्याला थंडावा पुरविण्याची जबाबदारी मात्र गिऱ्हाइकाची.

त्या काळाविषयीची हळहळ बहुधा लाल प्रकाशापाशी आणि थाळीत हळूहळू उमटणाऱ्या चेहऱ्यापाशीच थांबते. वस्तुतः अभिमान बाळगावा तो त्या अनाम हौशींच्या खटपटीचा, ज्यांनी शीत देशांतील कोष्टके शिरोधार्य मानूनही आपल्या गावच्या पाण्याचा स्वतंत्र हिशेब मांडला. फिल्म आजही मिळते, डी-७६चे घटकही दुर्मीळ नाहीत. या वाटेस नव्याने जाऊ पाहणाऱ्याने मात्र भारी कॅमेऱ्याच्या आधी एक विश्वासू उष्णतामापक घ्यावा.