रायफल नेमबाजीतील उभ्या स्थितीचे स्थैर्य : एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्राला रायफल नेमबाजीची उज्ज्वल परंपरा लाभली आहे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.च्या माध्यमातून या खेळाकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकाराची अंतिम फेरी गाठली. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात विश्वविजेते ठरले. जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयीन छात्राची रायफलशी पहिली ओळख बहुधा एन.सी.सी.मध्ये, पडून नेम साधताना होते. एअर रायफल स्पर्धा मात्र पूर्णतः उभ्यानेच खेळली जाते. हे अंतर कसे भरून काढावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उभी स्थिती कठीण का?
पडून नेम धरताना छाती, पोट व दोन्ही कोपरे जमिनीवर टेकलेली असतात. उभ्याने केवळ दोन पावलांचाच आधार असतो, शरीराचा गुरुत्वमध्य उंचावर जातो आणि त्यात साडेपाच किलोपर्यंतच्या रायफलीचा भार पुढे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. पात्रता फेरीत त्यांचे गुण गुडघ्यावर १९८, पडून १९७ व उभ्याने १९५ असे होते. म्हणजे ६०० पैकी गमावलेल्या १० गुणांतील निम्मे उभ्या स्थितीत गेले.

एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो व पुढील प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर अंतरावर असते. खांद्यापासून एक मीटरवरील नळीचे टोक पाव मिलिमीटर हलले, तरी १० मीटरवर छरा अडीच मिलिमीटर सरकतो आणि एक गुण जातो.

स्थैर्याची तत्त्वे :
१) अस्थींचा आधार : नवशिका खेळाडू दंडाच्या बळावर रायफल पेलतो. ताणलेला स्नायू थकतो व कंप पावतो. हाड थकत नाही. म्हणून उजव्या हाताने नेम साधणाऱ्याने डावी बाजू लक्ष्याकडे करून, पावले साधारण खांद्याइतक्या अंतरावर ठेवावीत. डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकवावे. धड किंचित मागे कलल्यास रायफल व शरीर यांचा एकत्रित भार दोन्ही पावलांवर समतोल पडतो.

२) नैसर्गिक रोख : नेम धरून डोळे मिटावेत, शरीर सैल सोडावे व पुन्हा डोळे उघडावेत. रायफल लक्ष्यापासून बाजूला गेली असल्यास ती हाताने ओढून आणू नये. पावले सरकवून संपूर्ण शरीर वळवावे.

३) श्वास व चाप : श्वास सहज सोडल्यावर येणाऱ्या विरामात चाप हळुवार दाबावा. आठ-दहा सेकंदांत नेम स्थिरावला नाही, तर रायफल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करावी. श्वास रोखून ताटकळल्याने दृष्टी शिणते व डोल वाढतो.

सरावाची पद्धती :
या सरावाचा मोठा भाग छऱ्याविना होऊ शकतो, ही आपल्याकडील महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. प्रशिक्षकाने रायफल रिकामी असल्याची खात्री करून कोऱ्या भिंतीकडे नेम धरण्यास सांगावे. लक्ष्यच नसल्याने खेळाडूचे ध्यान स्वतःच्या पावलांकडे व डोलाकडे जाते. त्यानंतर चाप न दाबता वीस-तीस सेकंद नेम धरण्याचा सराव द्यावा. एका पायावर उभे राहणे आणि तोच व्यायाम डोळे मिटून करणे, यांमुळे तोल सुधारतो.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. या स्थितीत कंबर मागे कलते व एका बाजूस वळते. भार सदैव त्याच अंगावर येतो. वाढत्या वयातील छात्राला हे दीर्घकाळ करावयास लावल्यास पाठदुखी संभवते. म्हणून पोट व पाठ यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, विरुद्ध दिशेचे ताण आणि मधून मधून विश्रांती ही सरावाची अविभाज्य अंगे मानली पाहिजेत. पाठ दुखत असता सराव थांबवावा.

निष्कर्ष :
उभ्या स्थितीतील स्थैर्य बाहुबळापेक्षा योग्य मांडणी, नियमितता व आत्मनिरीक्षण यांतून येते. अद्ययावत शूटिंग रेंज नसलेल्या महाविद्यालयातही त्याचा पाया घालता येतो. त्यासाठी मोकळी खोली, कोरी भिंत व जाणता प्रशिक्षक पुरेसे आहेत. रेंजची मागणी अवश्य करावी. मात्र ती येईपर्यंत छात्रांचे उमेदीचे वर्ष वाया जाऊ देऊ नये.