मोबाईलचें इंटरनेट संगणकास कां मिळत नाहीं?

गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित घरांतून एक नवी तक्रार वारंवार ऐकूं येते. मोबाईलवर संदेश येतात, चित्रें दिसतात. परंतु त्याच मोबाईलचें इंटरनेट शेजारीं ठेवलेल्या संगणकास मात्र मिळत नाहीं. २०२० सालीं मार्चअखेर टाळेबंदी लागू झाली आणि मुंबई-पुण्याचे कित्येक चाकरमानी रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या घरांतून कचेरीचें काम करूं लागले. ज्या वाडींत तारेचें इंटरनेट पोहोंचलें नव्हतें, तेथें मोबाईल हाच एक आधार ठरला. टाळेबंदी गेली, संवय राहिली. आतां मुलाच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख असो वा वडिलांचें प्राप्तिकराचें विवरणपत्र असो, ऐन वेळीं ही जोडणी तुटली कीं घरांत धांवपळ उडते.

अशा वेळीं दिसेल ती कळ दाबीत सुटण्यापेक्षां जोडणीची रचना समजून घेणें हिताचें. कोंकणांत डोंगरांतील झऱ्याचें पाणी पाटानें पोफळीच्या बागेंत आणतात. बागेंत पाणी आलें नाहीं, तर बागाईतदार आधीं पाटाच्या मुखाशीं जातो आणि तेथून कडेकडेनें खालीं उतरत येतो. पालापाचोळा जेथें अडकला असेल तेथें तो त्यास सांपडतोच. येथेंही प्रवाहाचे दोन टप्पे आहेत : पहिला मनोऱ्यापासून मोबाईलपर्यंत, दुसरा मोबाईलपासून संगणकापर्यंत. दोन्ही बिनतारी असले, तरी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. दुसऱ्या टप्प्यास हॉटस्पॉट म्हणतात. त्यांत मोबाईल स्वतःच एक लहानसें वाय-फाय केंद्र बनतो.

म्हणून पहिली परीक्षा मोबाईलचीच घ्यावी. त्याचें वाय-फाय बंद करून, केवळ मोबाईल डेटावर, पूर्वी न पाहिलेलें एखादें संकेतस्थळ उघडावें. तें न उघडल्यास संगणकाला दोष देण्यांत अर्थ नाहीं. दिवसाचा डेटा संपला असेल, किंवा मनोऱ्याशींच संबंध तुटला असेल. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां दापोली-मंडणगड भागांत वीज आणि दूरध्वनि कित्येक दिवस बंद होते. अशा प्रसंगीं संगणकाची कोणतीही कळ उपयोगी पडत नाहीं.

मोबाईलवर पान उघडलें, तर दुसऱ्या टप्प्याकडे वळावें. संगणकाच्या यादींत मोबाईलचें नांवच दिसत नसेल, तर बहुधा तीन कारणें संभवतात. पुष्कळ मोबाईल, कांहीं वेळ कोणी जोडलें गेलें नाहीं, तर हॉटस्पॉट आपोआप बंद करितात. दुसरें कारण लहरींचें. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ह्या पट्ट्यांत चालतें. पहिल्या पट्ट्यांतील लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसऱ्यांतील सुमारें सहा. कित्येक जुन्या संगणकांना पहिलाच पट्टा ऐकूं येतो. मोबाईल दुसऱ्यांत बोलत असेल, तर ते बहिरेच राहतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्यें २.४ निवडावें; नव्या आयफोनवर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' ही कळ तेंच काम करिते. तिसरें कारण भिंतींचें. रत्नागिरीकडील जुन्या घरांच्या जांभ्याच्या जाड भिंतींतून जातांना लहरी क्षीण होतात, ओल धरलेल्या भिंतींतून अधिकच. आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आधीं थकतात. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत आणावीं.

नांव दिसतें पण प्रवेश मिळत नाहीं, असें झाल्यास पासवर्ड तपासावा. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तेथें काटेकोर पाळला जातो. पासवर्ड बदलला असेल, तर संगणकांतील जुनी नोंद पुसून नव्यानें जोडावें. जुन्या संगणकास 'डब्ल्यूपीए-३' ही नवी सुरक्षापद्धति उमजत नसेल, तर 'डब्ल्यूपीए-२' निवडावी. हॉटस्पॉट विनापासवर्ड मात्र कधींही ठेवूं नये.

जोडणी झाली, तरी इंटरनेट नाहीं, हा सर्वांत फसवा प्रकार. मोबाईल प्रत्येक संगणकास एक अंकी पत्ता देत असतो. विंडोजमध्यें 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिल्यावर वाय-फायपुढें १६९.२५४ नें आरंभ होणारा पत्ता दिसला, तर मोबाईलकडून पत्ता मिळालाच नाहीं असें समजावें. मग दोन्ही यंत्रें बंद करून पुन्हां चालू करावीं. पत्ता योग्य असेल, तर मोबाईलवरील डेटा सेव्हर आणि दोहोंवरील व्हीपीएन बंद करून पाहावें. संगणकाची तारीखही पाहावी. ती चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळें उघडण्यास नकार देतात.

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास मोबाईल तारेनें संगणकास जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावें. इंटरनेट आलें, तर दोष वाय-फायमध्यें आहे हें ठरलें. शिवाय अर्जही वेळेवर जातो.

जोडणी जमल्यावर एक दक्षता घ्यावी. संगणक हॉटस्पॉटला घरचें अमर्याद इंटरनेट समजून आपलीं मोठमोठीं अद्यतनें उतरवूं लागतो आणि दिवसाचा डेटा पाहतां पाहतां संपतो. विंडोजमध्यें त्या जोडणीस 'मीटर्ड कनेक्शन' ठरविलें, म्हणजे हा अपव्यय पुष्कळ आटोक्यांत येतो.

यंत्र बिघडलें कीं माणूस गोंधळतो. कारण बिघाड एकच असला, तरी शंका दहा असतात. त्या क्रमानें एकेक दूर करीत गेल्यास खरा दोष आपोआप उघडा पडतो. पाट वरून खालीं पाहत यावा, हा बागाईतदाराचा धडा ह्या नव्या प्रवाहासही तंतोतंत लागू आहे.