घाटातलं ऊन आणि ग्रुपमधल्या ऐकीव समजुती

एप्रिल उजाडला की पुणे, नाशिक, ठाणे इथल्या सायकल ग्रुपांमध्ये घाटांचे बेत ठरू लागतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, पावसाळ्यातलं धुकं आणि दरडी अजून लांब असतात. पुणे ते महाबळेश्वर हा त्यातला लाडका बेत. जुना कात्रज घाट, मग खंबाटकी आणि वाई सोडली की पसरणी. अंतर सुमारे १२० किलोमीटर. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे अंतर झेपतं. झेपत नाही ते ऊन, आणि त्या उन्हाबद्दल जुने मेंबर नव्यांना मोठ्या खात्रीने जे सांगत असतात त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. काही समजुतींनी फार तर राईड बिघडते, पण काही जिवावर बेतू शकतात.

‘वर गेलं की गारच लागतं’

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे वाईत ३८ अंश असतील, तर पाचगणीत ३४ च्या आसपास. हा गारवाही मिळतो घाट संपल्यावर. घाटात काय होतं ते पाहा. सायकलसह ८० किलो वजन ५७० मीटर वर न्यायचं, तेही तासाभरात, तर नुसत्या चढासाठी सव्वाशे वॅट लागतात. आपलं शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचवतं, बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते. सव्वाशे वॅटच्या कामामागे सुमारे सव्वाचारशे वॅट उष्णता होते आणि ती बाहेर टाकावी लागते. शिवाय वरून सूर्य आणि खालून डांबर तापवत असतं ते वेगळंच.

ही उष्णता बाहेर नेतो घाम, पण तो त्वचेवर वाळला तरच. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता नेतो. नाकाच्या शेंड्यावरून हँडलवर टपकणारा घाम काहीच नेत नाही. सपाटीवर ताशी २५ च्या वेगाने समोरून वारा लागतो. घाटात वेग आठ-दहावर येतो आणि वारा जवळपास थांबतो. त्यातून झुळूक पाठीमागून असेल, तर अंगाभोवतीची हवा हलतसुद्धा नाही. हवेचं तापमान ३५च्या वर गेलं की ती त्वचेहून गरम असते, म्हणजे हवासुद्धा आपल्याला तापवायलाच लागते.

भारतीय हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांना पोहोचलं की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतो. डोंगराळ भागासाठी हाच आकडा ३० आहे. शिवाय हा पारा सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेला असतो. कातळाला लागून जाणाऱ्या घाटरस्त्यावरचं ऊन त्यात धरलेलं नसतं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठणाऱ्यांना दमटपणाची भर सोसावी लागते. कोकणात ३४ अंश असले, तरी घाम वाळत नाही, म्हणून आकडा कमी दिसला तरी धोका तेवढाच राहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात जाहीर कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. तिथली माणसं तर नुसती बसलेली होती.

‘पहाटे पाचला निघालं की ऊन चुकतं’

पहाटे निघावं हे खरंच. पण वाई पुण्याहून नव्वदेक किलोमीटर आहे. कात्रज, खंबाटकी, नाश्ता, एखादं पंक्चर आणि उशिरा आलेल्या एकाची वाट पाहणं हे सगळं धरलं, तर पंधरा-वीस जणांचा ग्रुप वाईत दहा-साडेदहाला पोहोचतो. म्हणजे दिवसातला सर्वांत मोठा चढ नेमका भर उन्हात येतो, तोही पाच तास सायकल चालवून झाल्यावर. पहाटे निघून ऊन चुकतं ते सोप्या टप्प्यावर. उपाय साधा आहे. आदल्या संध्याकाळी वाईत मुक्काम करावा आणि उजाडताना पसरणी चढावी. ते जमत नसेल, तर ‘साडेनऊपर्यंत घाटाच्या पायथ्याशी जो नाही, तो तिथून गाडीत’ असं आधीच ठरवावं आणि ते ठरलेलं पाळावं.

‘पुढच्याचं चाक सोडू नको’

सपाटीवर हा सल्ला सोन्यासारखा आहे. ताशी तीसच्या वेगाला आपली बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, आणि पुढच्याच्या आडोशाला राहिलं की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. घाटात ताशी दहाच्या वेगाला हवा कापायला लागतात जेमतेम चार-पाच वॅट. आडोशाने वाचणार काय? उलट दुसऱ्याच्या वेगाने चढल्यामुळे आपली उष्णता वाढते, ती मात्र आपल्यालाच सोसावी लागते. घाटात ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं, ठरलेल्या वळणावर सावलीत थांबावं आणि शेवटचा माणूस आल्यावर त्यालाही पाच मिनिटं मिळावीत. बहुतेक ग्रुपांत तो पोहोचला की बाकीचे निघतात. सर्वांत दमलेल्याला सर्वांत कमी विसावा मिळतो आणि ग्रुप राईडमधली अन्यायाची गोष्ट असेल तर ती हीच.

‘पाणी जितकं पिशील तितकं चांगलं’

पाणी कमी पडणं वाईट, तसंच गरजेपेक्षा जास्त नुसतं पाणी पिणंही वाईट. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं, त्यांना हा धोका अधिक होता. मागे रेंगाळणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण त्यांना पिण्यासाठी वेळ जास्त मिळतो आणि त्यांचा घाम त्या मानाने कमी गेलेला असतो. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही लक्षणं दिसली की ‘अजून पाणी पी’ म्हणू नये.

तहान लागेल तसं प्यावं, पाण्याबरोबर मीठ पोटात जाऊ द्यावं. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, शेंगदाणे, खारवलेला उकडलेला बटाटा यांनी बरंच काम भागतं. ओआरएस वापरायचं तर एक पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतली की द्रावण दुप्पट तीव्र होतं आणि पोट बिघडतं. ‘ओआरएस’ नाव मिरवणारी गोड पेयं वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली. पुडी घेताना सूत्र वाचून घ्या.

‘घाम येतोय तोवर उष्माघात नाही’ आणि ‘तापलेल्या अंगावर गार पाणी नको’

माझ्या मते या दोन समजुती सर्वांत घातक, म्हणून इथे थोडं थांबू.

शाळेच्या पुस्तकातला उष्माघात म्हणजे कोरडी, लाल, तापलेली त्वचा. घरात बसून उन्हाने आजारी पडलेल्या वृद्धांमध्ये तसं दिसतं. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात माणूस बहुधा घामाने निथळत असतो. कपाळाला हात लावला, तर ते थंडही लागेल. कपाळावर धरायचं पिस्तुलासारखं थर्मामीटर इथे फसवतं, कारण ते ओल्या त्वचेचं तापमान सांगतं. आत मात्र चाळिशी ओलांडलेली असते. ओळखायचं ते वागण्यावरून. असंबद्ध बोलतो, चिडतो, सरळ रस्त्यावर सायकल झोकांड्या खाते, आपण कुठे आहोत ते सांगता येत नाही. त्याला जवळच्या गावाचं नाव विचारा, सकाळी नाश्त्याला काय खाल्लं ते विचारा. उत्तर चुकलं, तर पुढचं प्रत्येक मिनिट मोलाचं.

इथेच आपल्याकडची जुनी भीती आड येते. तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की झटका येतो, असं आजीपासून सगळ्यांनी सांगितलेलं असतं. थोडं शिकलेले म्हणतात की थंडीने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत अडकते. त्या आकसतात हे खरं, पण बर्फाच्या पाण्यात उष्णता इतक्या वेगाने बाहेर जाते, की शरीर मिनिटाला साधारण ०.२ अंशाने थंड होतं. ४२ वरून ३९ वर यायला पाव तास. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ इथे दर ऑगस्टमध्ये सात मैलांची शर्यत होते. तिथल्या वैद्यकीय तंबूत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना थेट बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं, आणि सगळे वाचले.

घाटात टब कुठून आणायचा? ताडपत्री आणावी. माणसाला तिच्यावर निजवायचं, पाच-सहा जणांनी कडा उचलून धरायच्या, मध्ये पाणी आणि बर्फ ओतायचा आणि ते पाणी हलवत राहायचं. एकाने मागून काखेत हात घालून डोकं वर धरायचं. बर्फ नसेल, तर सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी अंगभर ओतून जोराने वारा घालायचा. १०८ ला फोन त्याच वेळी करायचा, पण गाडीची वाट पाहत थांबायचं नाही. आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलही देऊ नये. तापाच्या गोळीने हे तापमान उतरत नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नव्हे. वेदनाशामक गोळ्यांनी तर मूत्रपिंडावरचा ताण वाढतो.

‘सगळं मनावर असतं’

१३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्समध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतू पर्वताच्या माथ्याजवळ कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन हे उत्तेजक औषध आणि मद्य सापडलं. त्या काळी शर्यतीत किती पाणी घ्यायचं यावर बंधनं होती आणि कमी पिणं हा कणखरपणा मानला जाई. थकव्याची जाणीव हा शरीराने दिलेला इशारा असतो, आणि त्या औषधाने तोच बंद पाडला होता. ‘अजून दोनच वळणं, सोडू नको’ म्हणून ओरडणारा ग्रुपही अजाणता तेच करतो. उन्हात माणसाचा निवाडा पायांच्या आधी ढासळतो, त्यामुळे थांबायचं की नाही हे त्याच्यावर सोपवून चालत नाही. ते बरोबरच्याने ठरवायला हवं.

सराव भरपूर असला, तरी उन्हाची सवय ही वेगळी गोष्ट. उन्हात रोज थोडा वेळ चालवलं, तर सात ते चौदा दिवसांत घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. दोन-चार आठवड्यांच्या खंडाने ही सवय उतरते. आठवडाभर एसीत बसून रविवारी घाटात जाणारा तंदुरुस्त असला, तरी उन्हाला कच्चाच असतो.

‘उतार म्हणजे आराम’

१४ जुलै २००३ रोजी, टूरमध्येच, गॅप गावाकडे उतरताना सायकलपटू होसेबा बेलोकीचं चाक उन्हाने पातळ झालेल्या डांबरावर घसरलं आणि मांडीचं हाड मोडलं. आपल्याकडेही मे महिन्यात वळणांवर काळं, चकचकीत डांबर वर आलेलं दिसतं. तिथे ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नाही. उन्हाने टायर फुटतो म्हणून हवा कमी भरणंही चूक. २५ अंशांवर ८० पीएसआय भरलेल्या टायरमध्ये ५५ अंशांवर सुमारे ९० होतात, आणि चांगला टायर ते सहज सोसतो. ट्यूब फुटते ती रिमवर ब्रेक सतत धरून ठेवल्याने. थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा.

ग्रुपच्या ॲडमिनना एक विनंती. पुढच्या राईडचा निरोप टाकताना निघायची वेळ आणि नाश्त्याची जागा तर लिहालच. त्याखाली आणखी तीन ओळी लिहा. किती वाजता माघारी फिरायचं, ताडपत्री आणि बर्फाचा डबा कोणाच्या गाडीत आहे, आणि कोण कोणाच्या जोडीला आहे.