संगणकावर लाकडाचा पोत : जोड दिसता कामा नये

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत नव्या इमारतींत घर घेणारा ग्राहक आता कपाट बनण्याआधीच ते कॉम्प्युटरवर पाहायला मागतो. स्वयंपाकघराची दारे कशी दिसतील, पलंगाला सागवान शोभेल की शिसम, हे चित्रात पाहून मगच तो बयाणा देतो. चित्रातले सागवान प्लॅस्टिकसारखे दिसले, तर हातात उत्तम हुनर असूनही ऑर्डर दुसरीकडे जाते. म्हणून हा पोत कसा तयार होतो, हे आपल्या सुतार, फर्निचरवाल्या व छपाईवाल्या बांधवांनी समजून घेणे फायद्याचे आहे.

कापडवाल्यांना यातली मूळ गोष्ट नवी नाही. आमच्या धंद्यात तिला रिपीट म्हणतात. रोटरी छपाईच्या जाळीचा घेर साधारणपणे ६४ सेंटिमीटर असतो, म्हणजे दर ६४ सेंटिमीटरला तीच नक्षी पुन्हा येते. नक्षी जिथे संपून पुन्हा सुरू होते तिथे रेघ राहिली, तर ती अख्ख्या तागाभर उमटते आणि माल सेकंडमध्ये जातो. लॅमिनेटचा लाकडी नक्षीचा कागदही सिलिंडरवर छापतात, तिथेही हाच हिशेब. संगणक लाकडाचा एक चौकोनी तुकडा फरशीसारखा शेजारी शेजारी मांडून सगळे दार भरतो. तुकड्याची डावी कड उजवीला आणि वरची कड खालच्या कडेला जुळली की जोड दिसत नाही.

काम करायचे कसे?

प्रथम रंधा मारलेली चांगली फळी घ्यावी. सावलीत, फ्लॅश न वापरता, कॅमेरा फळीशी समांतर धरून फोटो काढावा. एका बाजूला उजेड जास्त पडला, तर तुकडे मांडल्यावर उजळ-काळपट पट्टे दिसतात. मग लाकडाच्या रेषा सरळ उभ्या येतील असा चौकोन कापून घ्यावा.

आता मुख्य युक्ती. फोटोशॉपमध्ये फिल्टर, अदर, ऑफसेट असा क्रम आहे. तिथे 'रॅप अराउंड' निवडून चित्र निम्म्या रुंदीने व निम्म्या उंचीने सरकवावे. जिम्प या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ऑफसेटची सोय आहे. असे केल्याने कडा चित्राच्या मधोमध येतात आणि अधिक चिन्हासारखा जोड उघडा पडतो. तो क्लोन आणि हीलिंग या साधनांनी बुजवायचा. पुन्हा एकदा ऑफसेट करून कडा तपासायच्या.

उभा जोड बुजवणे सोपे, कारण तो रेषेच्या कडेने जातो व एखाद्या गडद रेषेत लपतो. आडवा जोड अवघड. तिथे प्रत्येक रेषा तुटलेली असते आणि शर्टाच्या खिशाची चौकड जुळवावी तशी एकेक जुळवावी लागते. त्यावर एक सोपा इलाज आहे. पट्ट्यांची जमीन किंवा फळ्यांचे दार दाखवायचे असेल, तर तो जोड फळीच्या टोकावरच आणावा. खऱ्या कामातही तिथे सांधा असतोच.

फोटो नसेल तर जिम्पमधल्या 'सॉलिड नॉइज'ने पोत बनवता येतो. त्यात 'टाईलेबल' हा पर्याय निवडला की कडा आपोआप जुळतात. आडव्या व उभ्या मापात मोठी तफावत ठेवली की ठिपके ताणले जाऊन रेषा बनतात. मग त्यावर तपकिरी रंग चढवावा.

उस्तादाची नजर

तुकडा तयार झाला की तीन बाय तीन असे नऊ तुकडे मांडून दहा फुटांवरून पाहावे. एकच ठळक गाठ नऊ ठिकाणी दिसली की नकली माल लगेच ओळखू येतो. अशी गाठ पुसून टाकावी किंवा तुकडाच मोठा घ्यावा. गाठ म्हणजे फांदीचे मूळ. लाकडाच्या रेषा तिला वळसा घालून जातात, तिच्यातून आरपार जात नाहीत. ओंडका मधोमध चिरला तर रेषा सरळ येतात, बाजूने चिरला तर डोंगरासारख्या कमानी उमटतात. हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते, सुताराला असते. म्हणून संगणकावर मुलगा बसला तरी शेजारी बाप किंवा उस्ताद हवा.

पडद्यावरच्या चित्राला २,०४८ पिक्सेलचा चौकोन बहुधा पुरतो. छपाईसाठी मात्र ६४ सेंटिमीटरच्या रिपीटला इंचाला ३०० या हिशेबाने सुमारे ७,५६० पिक्सेल लागतात. फाईल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवावी, कारण जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केल्याने बारीक रेषा पुसट होतात. पडद्यावरचा रंग आणि छापलेला रंग सारखा येत नाही, म्हणून नमुना छापून पाहिल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नये.

शेवटी एक सावधगिरी. दुसऱ्या कंपनीच्या शेड कार्डवरून नक्षी स्कॅन करू नये. डिझाईन कायदा, २००० प्रमाणे नोंदलेल्या नक्षीला १० वर्षे संरक्षण असते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. आपल्या वखारीतल्या फळीचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि छापील लाकूड बिलावर छापील म्हणूनच लिहावे. सागवान सांगून लॅमिनेट दिले, तर ग्राहक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.