दहा बाय बाराच्या खोलीतला खर्ज

स्पीकर निवडायला गेलो की मी गाणं नंतर लावतो, आधी नुसता तानपुरा. पुरुषी गळ्यासाठीचा, काळी एकला लावलेला. काळी एकचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झचा. म्हणजे खर्जाची तार 69च्या आसपास बोलते. पाच इंची कोनच्या छोट्या स्पीकरला तिथवर पूर्ण जोमानं उतरणं जड जातं. तरीही चांगल्या स्पीकरवर खर्ज ऐकू येतो. जवारीमुळे त्या तारेतून उपस्वरांचा झराच फुटलेला असतो. ते उपस्वर आपापल्या प्रमाणात कानावर आले की त्यांच्या तळाचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. म्हणून छोट्या पेटीकडे मी खोल बास मागत नाही. जवारी मोकळी सुटते की चिरकते, हे आधी ऐकतो.

खोलीचंही ऐकावं लागतं. दहा बाय बारा फूट, छत नऊ फुटांवर, अशा आपल्याकडच्या नेहमीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये 47 आणि 56 हर्ट्झला, तर जमीन-छतामध्ये 63 हर्ट्झला आवाज घुमतो. मोठा, जमिनीवर उभा राहणारा स्पीकर नेमका याच पट्ट्यात भरपूर ताकद ओततो. मग डग्ग्यावरची मींड पसरते, थाप कुठे संपली ते कळत नाही आणि लोखंडी कपाटाचं दार वाजायला लागतं. अशा खोलीत लहान स्पीकर घेणं ही तडजोड आहे, असं मला अजिबात वाटत नाही.

अडचणीच्या जागेसाठी मुद्दाम घडवलेल्या स्पीकरचं सर्वात ठळक उदाहरण बीबीसीचं आहे. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या अभियंत्यांनी बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए बनवला. जेमतेम फूटभर उंची, आत सुमारे पाच लिटर जागा, पेटी सगळीकडून बंद. गाडीत बसलेल्या तंत्रज्ञाला निवेदकाचा आवाज खरा कळावा, ही मुख्य गरज. त्यासाठी त्यांनी खोल बास सोडून दिला आणि माणसाचा गळा सांभाळला. ख्याल ऐकणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं? त्याची किंमत मात्र मोजावी लागते. त्याची संवेदनशीलता 83 डेसिबलच्या आसपास. 87वाला स्पीकर जेवढा मोठा वाजतो तेवढा हा वाजवायला अडीचपट वॉट लागतात. जवळ बसून ऐकणाऱ्याला ते परवडतं.

दुकानात हाच फरक फसवतो. एकाच व्हॉल्यूमवर दोन जोड्या बदलून लावल्या की मोठ्यानं वाजणारी जोडी हमखास जास्त गोड वाटते. ‘साहेब, हा बघा कसा खुलतो!’ असं विक्रेता म्हणतो तेव्हा तो आवाजाची पातळीच ऐकवत असतो. मोबाइलवरच्या मापकानं का होईना, दोन्ही सारखे करून घ्यावेत. मग किशोरीताईंचं एखादं संथ आलापाचं ध्वनिमुद्रण लावावं. स्वर विरताना मागचा तानपुरा तसाच राहिला पाहिजे. त्यानंतर मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांच्या आकारात नाकातली किनार अकारण वाढली, तर तो स्पीकर मी खाली ठेवतो, कितीही देखणा असला तरी.

घरी आणल्यावर खरी मेहनत जागेची. मागे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की डग्गा फुगतो. बंद पेटीला भिंत जवळ असली तर उलट आधारच मिळतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, त्यामुळे पुस्तकांच्या फळीपेक्षा जड स्टँड बरा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण धरून सुरुवात करावी आणि चार-चार बोटं पुढेमागे सरकवत राहावं, गायक मधोमध उभा राहीपर्यंत. उघड्या लादीवर सतरंजी अंथरली की टाळीचा झणका कमी होतो.

सबवूफर घेऊ का, असं मला विचारतात. सिनेमा बघायचा असेल तर घ्या. गाण्यासाठी एवढ्या खोलीत तेच पैसे मी जड स्टँड आणि थोड्या जास्त ताकदीच्या अॅम्प्लिफायरवर घालीन.