लहान मोटारीचे टायर बदलताना

बैलगाडीच्या चाकाला धाव कशी चढवतात, हे तुमच्यापैकी जुन्या माणसांनी पाहिले असेल. लोखंडी पट्टी तापवून लाल करायची, फुगली की लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. निवता निवता ती चाकाला आवळून धरते. ही धाव झिजली की डोळ्यांना दिसते, सैल झाली की तिचा आवाज येतो. मोटारीच्या टायरचे तसे नाही. तो वरून धडधाकट दिसतो आणि आतून कडक झालेला असतो. म्हणून नवा टायर घेतानाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

आपल्या हेमलकशाकडचीच गोष्ट घ्या. आलापल्ली सोडली की पेरमिली, ताडगाव करीत साठेक किलोमीटर जंगलातला रस्ता. 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प इथे सुरू झाला, तेव्हा मोटारीने येणेच कठीण होते. आज शिक्षकांच्या, दुकानदारांच्या दारात लहान मोटार दिसते, आणि अडीअडचणीला तीच गावाची गाडी होते. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालात आणि अध्येमध्ये टायर फुटला, तर हाक मारायला माणूस मिळेलच असे नाही.

आता 'उन्हाळी टायर' हा शब्द काही जणांच्या कानावर आला असेल. तो आला थंड देशांतून. तिकडे बर्फ पडते. पारा सातेक अंशांच्या खाली गेला की साधे रबर कडक होऊन रस्ता धरीत नाही, म्हणून हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर चढवतात आणि थंडी सरली की उतरवतात. आपल्या दुकानात मिळणारा साधा टायर म्हणजे बहुतेक त्यांचा उन्हाळी टायरच. तेव्हा त्या नावाखाली कोणी चार पैसे जास्त मागू लागला, तर देऊ नका.

मात्र आपला उन्हाळा खरा उन्हाळा आहे. चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, हे काही नवल नाही. डांबर त्याहून कितीतरी जास्त तापते. त्यात टायरात हवा कमी असली, तर प्रत्येक फेऱ्याला त्याच्या बाजू दबतात आणि उठतात. तार सारखी वाकवली की हाताला गरम लागते ना, तसेच हे. आतल्या आत उष्णता साठते, थर सुटू लागतात आणि एक दिवस टायर फाटतो. लोक म्हणतात, 'उन्हाने हवा फुगली, म्हणून फुटला.' ते फारसे खरे नाही. सकाळी 25 अंशांना 30 पौंड भरलेली हवा 45 अंशांना फार तर 33 पौंड होते, आणि तेवढे टायर सहज सोसतो. म्हणून उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती उलट घातक आहे. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरात पाहावी. किती भरायची, ते चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. गाडी माणसांनी भरली तर किती वाढवायची, तेही बहुधा तिथेच असते.

आता दुकानात जाऊ. टायरच्या बाजूवर आकडे असतात, शिक्षकांनी ते मुलांनाही वाचायला लावावेत. समजा, 145/80 आर 12 असे लिहिले आहे. 145 ही मिलिमीटरमधली रुंदी. 80 म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा 80 इतकी बाजूची उंची, हिशेब केला तर 116 मिलिमीटर. 12 हा चाकाच्या लोखंडी रिंगचा इंचातला व्यास. पुढचा 74 हा भाराचा अंक, त्याचा अर्थ एका टायरला 375 किलो. गाडीवर जे माप असेल तेच घ्यावे. शहरातली पोरे रुंद आणि चपटे टायर लावून मिरवतात. तसला टायर खड्ड्यात आपटला की बाजूची भिंत रिंगेत चिमटली जाते. आपल्या रस्त्याला उंच बाजूचा साधा टायरच बरा.

आणि तारीख! बाजूवरच्या लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2324 असेल, तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर ठेवूनही म्हातारे होते. दुकानदार 'कोरा आहे, वापरलाच नाही' म्हणेल. खरेही असेल, पण चार वर्षे गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात का घ्यावा? वर्षाच्या आतला मागा. आयएसआय छाप आहे का, तेही पाहा.

बहुतेक जण चैत्र-वैशाखात टायर बदलतात. पण लक्षात असू द्या, तो टायर मृगाच्या पावसातही चालायचा आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे, आणि रस्ते ओले होतात ते सगळीकडेच. टायरवरची नक्षी शोभेची नाही. तिच्या खाचांतून पाणी बाहेर पडते, नाहीतर गाडी पाण्यावर तरंगून घसरते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले, म्हणजे 1.6 मिलिमीटरच उरले, की टायर संपला. आमच्या मते पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या बरेच आधी बदललेला बरा. गोटा झालेला टायर 'अजून एक पावसाळा काढेल' म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

जुना टायर टाकण्याआधी त्याची झीजही बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली असेल, तर चाकांची रेषा चुकली आहे. ती दुरुस्त न करता नवे टायर घातले, तर तेही तसेच खाऊन जातील.

चारही टायरांचे पैसे नसतील, तर दोन घ्या. ते जोडीने एकाच धुऱ्यावर, आणि मागच्या चाकांना बसवा. अनेकांना हे उलटे वाटते. पण ओल्या वळणावर मागची चाके सुटली की गाडी गरकन फिरते, आणि मग ती सावरणे नवख्याच्या हातचे नसते. पुढची सुटली, तर वेग उतरवून बऱ्याच वेळा सांभाळता येते.

काढलेल्या टायरांतला बरा असेल तो स्टेपनीला ठेवा. तो टायर भाराने झिजत नाही, पण त्याची हवा आपोआप उतरते. महिन्यातून एकदा बाकीच्या चारांबरोबर त्याचीही हवा बघा, आणि जॅक व पाना गाडीत आहेत ना, तेही. उरलेले जुने टायर अंगणात उघडे टाकू नका. त्यात पाणी साचते आणि डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो. कुंपणाला वापरायचे असतील, तर आधी त्यांना खाली भोके पाडून घ्या.