अंधारातली निळी नळी

मे महिन्यातलं अमळनेर. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद. बर्फाच्या डब्यात मेथिलीन ब्ल्यूच्या निळ्या नळ्या, काहींवर दुहेरी फॉइल. उन्हातच ठेवायच्या ना, असं मी विचारलं. प्रयोगशाळेच्या ताई हसल्या. नाही, दिव्याखाली. आपल्या उन्हातली उष्णता आणि अतिनील किरणंच फाजला मारतील, मग श्रेय रंगाला कसं द्यायचं?

फाज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू. हा नाल्याच्या पाण्यातला, गाळून वेगळा केलेला. मोजायची रीत अशी: पातळ अगरात ई. कोलाय आणि फाज मिसळून बशीत ओतायचे, रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचे. सकाळी जिवाणूंची दुधी साय धरते आणि फाजनं फस्त केलं तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. नवखा इथे हमखास फसतो. बशी जितकी अखंड, तितके फाज मेलेले.

मेथिलीन ब्ल्यू हा रंग १८७६ साली जर्मनीत कापडासाठी तयार झाला. गिरणीच्या या गावात रंग उन्हानं विटतो हे कुणाला सांगायला नको. या प्रयोगात मात्र रंगच उजेडाला हाताशी धरून दुसऱ्याचा घात करतो. निळा रंग तांबडा प्रकाश, साधारण ६६० नॅनोमीटरचा, शोषतो आणि ती ऊर्जा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला देतो. चेतलेला ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो. म्हणून घाव बसतो तो रंगाच्या अगदी शेजारी: जनुकद्रव्यातल्या ग्वानिनवर आणि कवच-शेपटीच्या प्रथिनांवर. शेपटी बिघडली की फाजला जिवाणूवर चिकटता येत नाही. ग्वानिन बिघडलं तर आत शिरूनही पिल्लावळ होत नाही. फाजवरचा हा परिणाम १९३३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पुढे युरोपात रक्तद्रव विषाणूमुक्त करायला हाच रंग वापरात आला.

दुसऱ्या दिवशी बश्या उघडल्या. नुसता रंग, फॉइलखाली अंधारात: भोकंच भोकं. नुसता दिवा: तेच. रंग आणि दिवा: सपाट साय.

“मरी गयात सम्दा!” मदतनीस भाऊ म्हणाले.

ताईंचं लक्ष मात्र अंधारातल्या बशीकडे. तिथे भोकं होती, पण आधीच्या वेळेपेक्षा बरीच कमी. एका नळीचं फॉइल बुडाशी फाटलेलं निघालं. खोलीतल्या ट्यूबलाइटनंही काम केलं असणार. त्यांनी वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली आणि फॉइलची गुंडाळी पुन्हा मागवली.